आधी खाली सांगा

ज्या दिवशी या घरात धाकटीला सगळ्यांच्या आधी वाढलं जाईल, त्या दिवशी खुशाल समजावं, की कुठंतरी पाणी मुरतंय. लग्न होऊन आल्यापासून ती शेवटीच बसत आली होती आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रारही नव्हती. शेवटी बसणाऱ्याच्या मागं 'आटप लवकर' म्हणणारं निदान कुणी उरत नाही. त्या रविवारी दुपारी मात्र थोरल्या जावेनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पहिली वाटी तिच्यापुढं सरकवली.

"तिखट कमी घातलंय हं आज. तुला सोसत नाही ना."

आपल्याला तिखट सोसत नाही हे जावेला इतक्या वर्षांनी आजच कसं उमगलं, असं तिच्या मनात आलं. पण ती नुसतीच हसली.

टेबलाच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला दादा, म्हणजे थोरले दीर. सासरे गेल्यापासून बॅगांचा कारखाना दादांच्याच खांद्यावर होता आणि अलीकडं तो खांदा एका बाजूनं उतरल्यासारखा दिसे. समोर नणंद होती. ती पेशानं वकील, म्हणून घरातही सगळे तिला वकीलबाईच म्हणत. वकीलबाई माहेरी जेवायला आल्या, म्हणजे काहीतरी कागद व्हायचे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. उरला धाकटीचा नवरा. तो खाली मान घालून जेवत होता. एरवी गप्पांच्या नादात घास हातातच ठेवणारा माणूस आज मुकाट्यानं जेवतोय, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

दादांनी हात पुसले, घसा साफ केला.

"गिऱ्हाईक आलंय."

"कोणत्या मालाला?" धाकटीनं विचारलं.

"मालाला नाही. कंपनीला."

कुणीच दचकलं नाही. म्हणजे हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या तिलाच.

"मोठी माणसं आहेत," दादा पुढं म्हणाले. "त्यांचा माल कुठून कुठून बनून येतो, विकतात मात्र ते. त्यांना आपलं नाव हवंय. आणि तुझं ते... काय ते... उसवलं-शिवलं."

"आणि कारखाना?"

दादांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"कारखाना नकोय त्यांना," उत्तर वकीलबाईंनी दिलं. "शेडचं गोदाम करतील. पॅकिंगची थोडी माणसं ठेवतील. बाकीच्यांना कायद्यानं जे द्यायचं ते देऊ. एक पैसा बुडणार नाही कुणाचा, मी बघते ते."

"मूठवाले काका? अस्तरवाल्या मावशी?"

"सगळ्यांना, म्हटलं ना."

"वन्सं, मी पैशाचं नाही विचारत."

आता हे 'उसवलं-शिवलं' प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. कारण याच घरात त्याला कुणी धड नावानं हाक मारत नसे.

मंदी आली तशी लोकांनी प्रवास आवरते घेतले. आणि कुठं जायचंच नाही, तर नवी बॅग कोण घेणार? दुकानांतून माल परत येऊ लागला. धाकटी तेव्हा तक्रारींच्या टेबलावर बसायची, आणि तिच्याकडं मात्र गर्दी वाढत चालली होती. मूठ तुटली, चेन अडकली, अस्तर फाटलं, नीट करून द्याल का? कंपनीचं ठरलेलं उत्तर होतं, की दुरुस्ती आमच्याकडं होत नाही, नवी घ्या. हे उत्तर शंभरदा लिहून तिला स्वतःचाच राग आला. एक दिवस ती कुणालाही न विचारता खाली शेडमध्ये गेली, मुठी बसवणाऱ्या काकांच्या बाकावर फोन उभा केला, लोकांना थेट दिसेल असा व्हिडिओ सुरू केला आणि म्हणाली, "काका, तुटलेली मूठ कशी बसवतात ते यांना सांगा." काकांनी सांगितलं. वर हेही सांगितलं, की "ही मूठ तुटते कारण आम्ही स्क्रू आखूड वापरायला लागलो. लांब घाला, जन्माची बसेल."

असे व्हिडिओ मग रोजच होऊ लागले, आणि तिनं त्यांना नाव दिलं 'उसवलं-शिवलं'. वर ऑफिसात बोंब झाली. पण खाली पार्सलांची रीघ लागली. कुणाची वडिलांची बॅग, कुणी ती घेऊन पहिल्यांदा घर सोडलेलं, कुणाच्या बॅगेत अजून दवाखान्याचा वास. अस्तर शिवणाऱ्या मावशी एकेक बॅग फोनपुढं उघडायच्या आणि मालकाशी थेट बोलायच्या: "बाई, तुमच्या खिशात एक बटण सापडलंय, टाकू का ठेवू?" लोक ते बघायचे, लिहायचे, आपली बॅग पाठवायचे. मंदीत कारखान्याची चूल पेटती राहिली ती या जुन्या बॅगांवर.

आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना दुसरंच काहीतरी होऊ लागलं. बाहेरच्यांशी मोकळं बोलायची सवय लागलेली माणसं आतही मोकळं बोलू लागली. कटिंगमध्ये पंखा का बंद आहे, हा प्रश्न पूर्वी मुकादमाच्या कानात सांगायचा आणि तिथंच विरायचा. आता तो सगळ्यांदेखत विचारला जाई, आणि मग कुणाला तरी उत्तर द्यावंच लागे. बाहेरचे लोकही मध्येच विचारत, "काय हो, लागला का पंखा?" मुकादमाची शिट्टी बंद झाली. खालचे आणि वरचे यांच्यात सासऱ्यांच्या काळापासून एक जिना होता. बातमी त्यावरून खाली यायची, वर कधी जायची नाही. ती वर जाऊ लागली.

दादांनी त्याला नाव ठेवलं 'चव्हाटा'. धाकटीला घरात 'फोनवाली' म्हणू लागले. ती हसण्यावारी नेई. तिला वाटे, चालू द्या म्हणावं, माणसं कामावर राहिली म्हणजे झालं.

आणि आता कुणी परका त्याच चव्हाट्याला भाव देत होता, आणि त्या माणसांना देत नव्हता.

"त्यांची एक अट आहे," दादा तिच्याकडं न बघता म्हणाले. "तू हवी आहेस त्यांना. करार होईल, दोन वर्षांचा. लोकांना तुझी सवय झालीय म्हणतात. आवाज तोच पाहिजे. तू नसलीस तर ते येणारच नाहीत."

"आणि मी काय बोलू त्यात? मूठ कशी बसवायची ते?"

"ते सांगतील ते."

"आणखी एक," वकीलबाईंनी जोडलं. "सह्या होईपर्यंत बाहेर एक अक्षर जाता कामा नये. खालीसुद्धा नाही. गुप्ततेचा कागद झालाय, आम्ही सगळ्यांनी सही केलीय."

आम्ही सगळ्यांनी. धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं पान न संपवताच हात धुतले होते.

"विचार कर थोडा," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "घाई नाही. चहा होईस्तोवर सांग."

चहा होईस्तोवर! ती उठली आणि उष्टी भांडी घेऊन आत गेली. निदान हातांना काहीतरी काम हवं होतं.

पाठोपाठ जाऊ आलीच. तिनं धाकटीच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"राहू दे गं, मी घासते." नळ सोडून ती बोलू लागली, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. "हे बघ, मी तुला फोनवाली म्हणायचे, म्हणायचेच. खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, ही बसते फोन घेऊन आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात. आता कळतंय, की सगळ्या घरात एकटीनं काहीतरी जोडलं ते तूच."

"जोडलं ते मोडायला निघालो आहोत ना, वहिनी?"

"अगं, मोडतंय ते मोडणारच! तू हो म्हटलंस तर निदान किमतीला जाईल. नाही म्हटलंस तर भंगारात. माणसं दोन्हीकडून घरीच बसणार. माझं जरा ऐक. तुझे दादा रात्रीचे उठून बसतात. मी विचारते, पाणी हवंय का? म्हणतात, नको. मग नुसते बसून राहतात." तिनं नळ बंद केला. तिचे डोळे भरून आले होते. "मला नवरा हवाय गं. कारखाना गेला खड्ड्यात."

हे ती मनापासून बोलत होती. लबाडी असती तर उत्तर तयार होतं.

नवरा मागच्या जिन्यात उभा होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगणार होतो."

"किती बघतात, किती लिहितात, ते सगळं त्यांना कुणी दिलं? ते माझ्या फोनवरच दिसतं."

त्यानं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "तू आंघोळीला गेली होतीस."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. "नवऱ्यानं चोरून फोन बघितला तर बायका भलतं समजतात. तू तसलं काही बघितलं असतंस तर परवडलं असतं रे!"

"माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? दादा पहिल्यांदा मला म्हणाले, 'छोट्या, मदत कर.' जन्मात पहिल्यांदा. आजपर्यंत नुसतं 'छोट्या, बाजूला हो' ऐकलंय मी." त्यानं कठड्यावर हात आपटला. "मला भारी वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती आत्ता जेवताना वाटली."

"आता वाटून काय उपयोग?"

"काही नाही. पण तू नाही म्हणालीस, तर मी तुला समजवायला येणार नाही. एवढंच."

एवढंच म्हणजे फारसं काही नव्हतं. पण त्या घरात त्या दुपारी तेवढंही कुणी दिलं नव्हतं.

सासूबाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं तेव्हा त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. उशाशी त्यांचा फोन होता.

"बस. तुला एक सांगते. घरात कुणाला ठाऊक नाही." त्या थोड्या पुढं झुकल्या. "मी रोज बघते तुमचं ते. दुपारी, सगळ्यांचा डोळा लागला की."

धाकटीनं उशाशी पडलेल्या त्या फोनकडं पाहिलं.

"यांनी कारखाना उभा केला तेव्हा मी या घरात नवी नवरी होते. आयुष्य गेलं, पण तो जिना मी एकदाही चढले नाही. यांना आवडत नसे. काय बनवतात, कोण बनवतं, मला काही कळलं नाही. कळलं ते तुझ्यामुळं. ती अस्तरवाली बोलते ना, मला वाटतं माझ्याशीच बोलतेय." त्यांचा आवाज बारीक झाला. "तरीही मी तुला म्हणते, हो म्हण."

"का, आई?"

"यांचा जीव खुर्चीतच गेला. संध्याकाळी शिपाई दिवे बंद करायला गेला, तेव्हा कळलं. दिवसभर काचेतून सगळ्यांना दिसत होते, आणि वर जाऊन विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझा मुलगा मला त्या खुर्चीत तसा नकोय. विका, बंद करा, पेटवून द्या. त्याला तिथून उठवा."

धाकटी त्यांच्या पायाशी बसली. या घरातली सगळी माणसं एकाच माणसासाठी जीव टाकत होती, आणि त्यापायी शंभर माणसांना अंधारात ठेवत होती. वाईट कुणीच नव्हतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा तसे गेले ते खुर्चीमुळं का? वर जाऊन विचारायची कुणाला सोय नव्हती, म्हणून गेले."

सासूबाईंनी उशाशी पडलेला फोन उलटा करून ठेवला. रागावल्या की काय, ते कळेना. मग त्या नुसतं म्हणाल्या, "चहा झाला का बघ."

चहा झाला होता. पुन्हा सगळे टेबलाभोवती बसले.

"मग?" दादा म्हणाले.

"मी आज हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही," धाकटी म्हणाली. "उद्या सकाळी तुम्ही खाली सांगा. काय ठरतंय, कुणाशी ठरतंय, कुणाचं काय होणार. सांगून झालं, की मग मला विचारा."

"झालं!" जाऊ म्हणाली. "म्हणजे नाहीच की."

"कागदावर सही आहे माझी!" वकीलबाईंचा आवाज चढला. "खाली सांगितलं की अर्ध्या तासात जगजाहीर होणार. तुझ्याच त्या चव्हाट्यावर. ते लोक उठून जातील. एवढं गिऱ्हाईक या दिवसांत पुन्हा येईल असं वाटतं तुला? तुझ्या एकटीच्या हट्टापायी?"

"हट्ट माझा नाही, वन्सं. दादांनी दिलेला शब्द आहे."

दादांनी मान वर केली.

त्यांना ते आठवत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मागच्या साली कुलपांचा विभाग बंद करायचा ठरलं होतं. ठरलं होतं वर. खाली कुणी सांगितलंच नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता भंगारवालाच येऊन थडकला आणि चालू यंत्रांना दोरी लावून मापं घेऊ लागला. यंत्रावर बसलेल्या माणसांनी त्यालाच विचारलं, की बाबा, मापं कशाची? आपली नोकरी गेली हे त्यांना त्याच्याकडून कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस फोनपुढं यायला कुणी तयार होईना. काका म्हणाले, "ताई, आता आम्ही हसलो तर ते खोटं दिसेल." तेव्हा दादांनीच धाकटीला वर बोलावून मजकूर सांगितला होता, आणि तिनं तो सगळ्यांदेखत टाकला होता: यापुढं कारखान्याची कुठलीही गोष्ट आधी खाली सांगू, मग बाहेर.

"तुम्ही सांगितलंत, मी फक्त टाइप केलं," धाकटी म्हणाली. "त्यांनी तुमच्या शब्दावर पुन्हा तोंडं दाखवली. मी त्यांच्या पाठीमागं जाऊन तोच आवाज विकायचा? मग माझा आवाज घेऊन त्या लोकांना तरी काय मिळणार? तो खरा आहे म्हणून तर विकत घेताहेत!"

"लिहायला सोपं असतं गं," दादा म्हणाले.

मग ते उठले आणि खिडकीशी जाऊन सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले. पुढचं सगळं त्यांनी तसंच सांगितलं.

"तुम्हाला वाटतं मी पैशासाठी लपवतोय. पैसा कुणाला नकोय? पण खरं सांगू? काका बाबांच्या वेळचे आहेत. मला त्यांनी कडेवर घेतलंय. त्यांना मी काय सांगू, की तुमच्या हाताची लोकांना माया आहे, पण हात नकोत? मला तोंड दाखवायची हिंमत नाही. सह्या करायच्या, वकिलाकडून नोटिसा धाडायच्या आणि गाव सोडून चार दिवस कुठंतरी जायचं, असं ठरवलं होतं मी. बायकोलाही सांगितलं नव्हतं."

जावेच्या हातातला कप बशीवर आपटला.

"दादा," नवरा म्हणाला, "उद्या मी बसतो तुमच्या शेजारी."

"छोट्या, तू—" दादा बोलायचे थांबले. 'बाजूला हो' त्यांच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. पण ते म्हणाले, "तू खाली उभा राहा. त्यांच्यात. वर मी बघतो."

"मी याला संमती देत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "हे लिहून ठेवा कुठंतरी."

"लिहू नंतर," सासूबाई म्हणाल्या. "मला विकायचंच आहे, अजूनही. पण विकायचं तर तोंडावर सांगून विका. घरात मयत झाली तरी शेजाऱ्यांना आपणच सांगतो. भंगारवाल्याकडून कळू देत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "निवला हा. दुसरा करा."

सोमवारी सकाळी वरच्या ऑफिसात धाकटीनं फोन तिकाटण्यावर लावला. तिला रात्रभर वाटत होतं, आपण एका थकलेल्या माणसाला भिंतीशी नेऊन उभं केलंय. हा सौदा गेला आणि दुसरा आला नाही, तर शंभर घरांचं जे मिळायचं तेही जाणार, आणि त्याचं खापर जन्मभर आपल्या डोक्यावर फुटणार. तिनं दादांकडं पाहिलं. इस्त्रीचा सदरा, हातात घडी घातलेला कागद, कपाळावर घाम.

"दादा, हे बाहेरचेही बघतील. नको असेल तर—"

"चालू कर."

काचेतून खालचा मजला दिसत होता. यंत्रं सुरू होती. बाकाबाकांवर फोन उभे होते. नवरा कटिंगच्या टेबलापाशी हाताची घडी घालून उभा होता. पडद्यावर थोरल्या साहेबांचा चेहरा आला, तसं काकांनी हातातला स्क्रू खाली ठेवून चष्मा वर केला. एवढ्या दिवसांत दादा फोनपुढं पहिल्यांदाच आले होते.

त्यांनी कागद उघडला आणि पहिली ओळ वाचली. 'बाजाराची सध्याची परिस्थिती आपण सर्व जाणताच.' पुढची ओळ त्यांना वाचता येईना. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"मी कारखाना विकायला निघालोय," ते म्हणाले. "घेणाऱ्याला आपलं नाव हवंय. तुमचे ते व्हिडिओ हवेत. तुम्ही नको आहात. पॅकिंगचे थोडे सोडले तर कुणीच नको आहे. मी तुम्हाला न सांगता सही करणार होतो. आधी खाली सांगेन म्हणालो होतो, आणि तरी करणार होतो. मला भीती वाटली."

एवढं बोलून ते थांबले. पडद्याखाली एरवी लोकांचे शब्द भराभर वर सरकत, तिथं काहीच येईना. बाहेरचे बघणारे वाढत होते, पण लिहीत कुणीच नव्हतं. धाकटीला सवयीनं काहीतरी बोलून ती पोकळी भरावीशी वाटली. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मग खाली एक यंत्र थांबलं. शेजारचं थांबलं. अस्तरांची रांग थांबली, मग कटिंग. शेवटी नुसते पंखे ऐकू येऊ लागले, आणि मग जिन्यावर पावलं.

"बंद करू?" तिनं विचारलं.

"राहू दे चालू."

दाराबाहेर माणसं येऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत सगळा जिना भरला. दार उघडंच होतं, पण आत कुणी आलं नाही. न बोलावता त्या दारातून आजवर कुणीच आत गेलं नव्हतं.

दादा उठले. "आत या."

कुणी हललं नाही. सगळ्यांत पुढं अस्तरवाल्या मावशी होत्या. त्यांच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती.

"आधी तुम्ही बाहेर या, साहेब," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. दादा टेबलाला वळसा घालून निघाले. उंबऱ्याशी क्षणभर अडखळले, आणि बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. खालून काका वर बघत होते. दादांनी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि ती काढून घेतली नाही.

"या सौद्याला हिची संमती लागते," त्यांनी मागं धाकटीकडं हात केला. "हिनं ती दिलेली नाही. आणि आता मी तिला विचारणार नाही."

धाकटीचा हात आपोआप दाराच्या चौकटीवर गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिन्यावर मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी जयजयकार केला नाही. टाळ्या वाजवण्यासारखं कुणाच्याच पदरात काही पडलं नव्हतं.

"म्हणजे सौदा मोडला," काका खालून म्हणाले.

"मोडला असेल."

"मग आता पुढं काय?"

सगळे दादांच्या तोंडाकडं बघत होते. खाली कटिंगच्या टेबलापाशी छोट्या बघत होता, आणि घरी सगळ्यांच्या नकळत सासूबाई बघत असतील. त्या फोनपुढं आता रिकामी खुर्ची होती. पण आवाज ऐकू जात असणार.

"मला माहीत नाही," दादा म्हणाले.

या कारखान्यात वरून आजवर हुकूम आले होते, नोटिसा आल्या होत्या, कधीमधी शाबासकीही आली होती. हे कधी आलं नव्हतं. माणसांना त्याचं काय करावं ते कळेना.

मावशी आधी खाली बसल्या, तिथंच, वरच्या पायरीवर. त्यांचे गुडघे दुखत असत, भिंतीला धरून बसावं लागे. मग त्या भिंतीकडं सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"मग बसा," त्या म्हणाल्या.